विरजणाचा रकाना

१० सप्टेंबर १९६२, सोमवार, सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटे. माझ्या वहीतली पहिली नोंद ही आहे. रायपूरकडून आलेली पॅसेंजर त्या वेळी भिलाईच्या पॉवर हाऊस स्थानकात थांबली आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून हातात कापडी पिशवी घेतलेला एक माणूस उतरला. दोन वर्षे दोन महिने तुरुंगात काढून तो परत येत होता. त्याला घ्यायला आम्ही दोघी गेलो होतो, त्याची बायको आणि मी. नऊ वर्षांची मुलगी घरीच होती. तिला आणावे की नाही, याचा निर्णय आईला शेवटपर्यंत करता आला नव्हता.

त्याने बायकोकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"ह्या कोण?"

"समितीच्या बाई. तुमी नव्हते तवा घरी येत जात."

"पोट्टी कुठं आहे?"

"घरी."

"बरं केलं," तो म्हणाला. आणि जिना चढता चढता, बऱ्याच वेळाने, "आणली असती तरी चाललं असतं."

मी वेळ लिहून वही मिटली. त्या वहीचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. वडील दुर्गला रेल्वेत गार्ड होते. नागपुरात रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत कनिष्ठ विश्लेषक म्हणून लागले होते. भट्टीतून निघालेल्या लोखंडाचा नमुना आमच्याकडे येई. त्यातले सिलिकॉन, गंधक आणि फॉस्फरस मोजायचे, आकडा कागदावर लिहायचा आणि कागद परत पाठवायचा. भट्टीवरची माणसे त्या कागदाची वाट पाहत उभी असत. कारखाना अजून पुरता बांधून व्हायचा होता. वाढीव भागाचे पोलादी सांगाडे रोज थोडे उंच होत होते आणि सगळे गाव टनांत, फुटांत आणि पाळ्यांत बोलत होते. अशा गावात मला एकच गोष्ट पटलेली होती: प्रश्न नीट रकान्यांत मांडला की त्याचे उत्तर दिसू लागते.

वसाहतीतल्या काही बायकांनी एक समिती चालवली होती. तुरुंगात गेलेल्यांच्या घरी जायचे, बायकामुलांची विचारपूस करायची, आणि माणूस सुटून आला की त्याला काम व शेजार परत मिळावा म्हणून खटपट करायची, एवढेच तिचे काम. मला समितीत घेतले ते सायकल चालवता येते म्हणून. मी गेले ते मात्र निबंध लिहायचा म्हणून. सुटलेल्या माणसाला वस्ती किती दिवसांत परत स्वीकारते, हे कोणी मोजल्याचे माझ्या वाचनात नव्हते. ते आपण मोजावे, त्यावर लिहावे आणि त्या जोरावर पुढे शिकायला जावे, असा माझा हिशेब होता.

काम मिळवून देणे सोपे गेले. तो भंडाऱ्याकडचा शेतकरी माणूस. कारखान्याची बांधणी सुरू झाली तेव्हा आला आणि जड यंत्रे उचलून बसवणाऱ्या टोळीत खलाशी म्हणून लागला. तुरुंगात त्याने सुतारकाम शिकून घेतले होते. काँक्रीट ओतण्यासाठी फळ्यांचे साचे बनवणाऱ्या एका ठेकेदाराला सुतार हवेच होते. समितीचे पत्र घेऊन मी त्याला तिथे नेले आणि चौथ्या दिवशी तो कामावर गेला. वहीत मी लिहिले, "रोजगार: पूर्ण."

शेजार अवघड होता, आणि त्याला कारण होते. कॅम्प-१ मधल्या त्या ओळीत चौदा घरे होती. मातीच्या भिंती, वर कौले किंवा पत्रे, समोर एक सामाईक अंगण आणि टोकाला नळ. बहुतेक घरे भंडारा-गोंदियाकडची, दोन-तीन छत्तीसगढी. याचे घर नववे. ज्या माणसाला मारल्याबद्दल याला शिक्षा झाली, त्याचे घर पाचवे. दोघे एकाच टोळीत खलाशी होते. एके दिवशी ओझे वर चढत असताना दोर ढिला पडला. कोणी ढिला सोडला यावरून शब्दाला शब्द वाढला आणि याने हातातला लोखंडी पाना त्याच्या कोपरावर हाणला. कोपर जुळले, पण वाकडे. तो हात पुन्हा सरळ झाला नाही. खलाशाचे काम सुटले आणि तो फाटकावर चौकीदार झाला.

त्या पाचव्या घरात चौकीदाराची आई राहत असे. सारी ओळ तिला आजी म्हणे. तोंडात एकही दात नाही आणि तोंड मिटलेले कधी नाही. ओळीतली भांडणे ती सोडवी, बाळंतपणे ती करी, आणि भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती तिच्याच घरात बसत.

आमच्या विदर्भात भुलाबाई म्हणजे मुलींचा महिना. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली रोज संध्याकाळी टिपऱ्या वाजवीत गाणी म्हणतात. रोज एका मुलीच्या दारी जायचे. त्या घरच्या मुलीने खाऊ झाकणाच्या डब्यात लपवून आणायचा आणि डबा खुळखुळवायचा. आवाजावरून खाऊ ओळखायचा. कडक का मऊ, गोड का तिखट, असे विचारत नावे घ्यायची. ओळखला की डबा उघडतो. आज कोणाच्या दारी जायचे, हे त्या ओळीत आजी सांगे.

मी आता माझ्या वहीकडे येते. स्वीकार मोजायचा कसा, यावर मी दोन रात्री विचार केला होता. लोक तोंडाने काय बोलतात त्याला अर्थ नाही, असे ठरवून मी देवघेव धरली. घराघरांत रोज काहीतरी फिरत असते: चुलीसाठी विस्तव, चाळणी, आणि सगळ्यांत जास्त विरजण. एखादे दिवशी दही संपते, दूध तापलेले असते आणि बाई वाटी घेऊन शेजारी जाते. चमचाभर विरजणाला नाही म्हणणे म्हणजे तोंडावर दार लावणे. म्हणून माझ्या तक्त्यात प्रत्येक घरापुढे पहिला रकाना विरजणाचा होता. नवव्या घराने मागितले तर दिले की नाकारले? दर दोन दिवसांनी ड्यूटी संपल्यावर सायकलवरून जायचे, बाकीच्या तेराही घरी विचारायचे आणि बेरीज खाली लिहायची.

पहिली बेरीज पाच आली. आठवड्याभरात पाच घरांनी काही ना काही दिले होते. मला हे उत्साहवर्धक वाटले. दुसरी बेरीज तीन. मग एक.

"दिलं का काही?" मी दुसऱ्या घरातल्या बाईला विचारत असे.

"नाही वो बाई. अन् माह्या घराचा नंबर नका टाकू तिथं."

"मी फक्त आकडा लिहिते आहे."

"तेच तर म्हणून राहिली. आकडा नका टाकू."

मी लिहिले, "घर क्र. २, नकार." तिच्या आवाजात जे होते ते मला ऐकू आले नव्हते, कारण त्याला रकाना नव्हता.

नवव्या घरी मात्र मला वेगळेच काही दिसत होते. चुलीशेजारच्या फळीवर एक पत्र्याचा डबा ठेवलेला असे, घासून लख्ख केलेला. पौर्णिमेच्या दिवशी मी पाहिला तेव्हा त्यात साखरफुटाणे होते. दोन दिवसांनी गेले तेव्हा खोबऱ्याचे काप होते.

"रोज भरता?" मी वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, विचारले.

"न जाणो कवा येतील पोट्ट्या. घरात खाऊ नाही असं नको व्हाले."

"आणि नाही आल्या तर?"

"जेवताना खाऊन घेतो आमी तिघं."

मुलगी त्या वेळी अंगणाच्या कडेला बसून होती. पलीकडे सात मुली टिपऱ्या वाजवत होत्या. हिच्याकडेही टिपऱ्या होत्या. बापाने साच्याच्या फळ्यांच्या तुकड्यांतून तासून दिलेल्या, इतक्या गुळगुळीत की हाताला लाकूड लागत नसे. त्या तिने मांडीवर ठेवल्या होत्या. गाण्याचे शब्द तिला येत होते, ओठ हलत होते.

ऑक्टोबर लागला तसे वहिनींनी डबा भरणे सोडले. मी ते त्याच दिवशी नोंदले. पण डबा फळीवर होताच, आणि हलवला तर वाजत होता. मुलगी आता तो स्वतःच भरत होती. कशाने, हे तिने मला सांगितले नाही.

"सांगितलं तर तुमी ओळखान कसं?"

दसऱ्याच्या संध्याकाळी मी मुद्दाम गेले. सोने द्यायला सगळी ओळ एकमेकांच्या दारी जात होती. नवव्या घरात आपट्याची पाने एका ताटात मांडलेली होती आणि तो नवा सदरा घालून दाराशी बसला होता. "तुम्हीच जा ना भाऊ, आधी," मी म्हटले. त्याने मान हलवली. "पाचव्या घरी कोणत्या हातानं देऊ, बाई? अन् त्याले सोडून बाकीच्याईकडं गेलो, तर ते अजून वाईट." दिवेलागणीपर्यंत मी थांबले. त्याच्या दारी आलेली माणसे: शून्य. त्या आठवड्याची विरजणाची बेरीजही शून्य.

दुसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेर माझी वाट पाहत उभा होता.

"तुमचे बाबूजी रेल्वेत हायत ना. गोंदियाकडची सकाळची पॅसेंजर किती वाजता सुटते, ते सांगून द्या मले. मधल्या लहान ठेसनावर थांबते का, तेही."

"कशाला?"

"पोट्टीले तिच्या मामाकडं ठेवतो. तिथं शाळा आहे. कोजागिरीपर्यंत पायतो, दुसऱ्या दिवशी नेऊन घालतो." तो हातातली टोपी दुमडत, उलगडत होता. "मले बोलत नाही कोणी, त्याचं काही नाही. मी मारलं, मी भोगीन. तिनं काय केलं? ओठ हलवत बसून राहते. मले पायवत नाही."

"आणि वहिनी?"

"ते रडते अन् पोट्टीचे कपडे धुवून ठेवते."

वडिलांना विचारून मी गाडीची वेळ वहीत लिहिली: ६.२५. त्या पानावर लिहिताना मला प्रथमच जाणवले की माझ्या निबंधाचा निष्कर्ष आता तयार झाला आहे, आणि तो मला नको आहे.

त्यानंतरच्या दिवशी, नेहमीप्रमाणे वही घेऊन, मी पाचव्या घराशी आले. आजी दारात बसून तांदूळ निवडत होती. मी वही उघडण्याआधीच ती म्हणाली,

"ये. बस. आज काय लिहितेस? शून्य का?"

"आजी, तुम्हाला कसं माहीत?"

"मले कसं माईत! मीच तर सांगितलं सगळ्याईले."

तिने सूप खाली ठेवले.

"पहिल्या आठवड्यात चार-पाच जणीनं दिलं होतं त्याच्या बायकोले काही काही. गुपचूप. मी पायलं, बोलली नाही. मंग तू आली वही घेऊन. दिलं का, नाही दिलं का, कोणत्या घरानं दिलं. घराले नंबर टाकून गेली. त्याच हप्त्यात हवालदार येऊन गेला चौकशीले. त्याच्याही हातात वही होती. बायका मले विचाराले लागल्या, आजी, ह्या दोन वह्या कुठं जाऊन मिळते? मी काय सांगू? मी म्हटलं, देणं बंद करा, मंग कोणाचंच नाव येणार नाही."

दोन वर्षे मी नमुन्यांवर काम करत होते. नमुना घेणारा चमचा अस्वच्छ असला तर आकडा खोटा येतो, हे पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते. इथे चमचा मीच होते. पाचचे तीन, तिनाचा एक आणि एकाचे शून्य माझ्या हाताने झाले होते, आणि तेच मी वस्तीच्या नावावर लिहीत आले होते.

"ही वही पोलिसांकडे जात नाही, आजी. कोणाकडेच जात नाही. मला त्यावर लिहायचं होतं."

"काय लिहाचं होतं?"

"लोक त्याला परत घेतात की नाही."

"अन् मी घेतो का नाही, तेही?"

"हो."

तिने सूप पुन्हा मांडीवर घेतले.

"पाय पोरी. माह्या पोराचा हात वाकडा झाला. मी रोज त्याले सदरा घालून देतो. राग आहे मले. पण तो माहा आहे. तू त्याले नंबर नको टाकू."

"नाही टाकणार," मी म्हटले. "मग मी काय करू?"

"तुले काही ना काही कराचंच असते का वो? येत जाशील तर खाली हाताने येत जा. बसाचं. चहा घ्याचा. लग्नाचं वय झालं, बसता येत नाही!"

मी त्या रात्री वही ट्रंकेत टाकली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे कोजागिरीच्या दोन दिवस आधी, मी ओळीत गेले तेव्हा हाताला हलकेपण सोसवत नव्हते. नवव्या घराच्या ओट्यावर बसून मी वहिनींबरोबर लसूण सोलू लागले. आत दोरीवर मुलीचे दोन झगे वाळत होते. दोरीखाली एक छोटी पेटी उघडी पडली होती. मुलगी पायरीवर बसून होती. पलीकडे आजच्या गाण्यांची सुरुवात व्हायची होती आणि मुली आजीच्या दाराशी जमल्या होत्या.

आजी घरातून निघाली ती हातात वाटी घेऊन. तिचा मुलगा, चौकीदार, दाराशी खाटेवर बसला होता.

"माय, कुठं चालली?"

"विरजण आणाले."

"सकाळचं दही आहे ना घरात."

"आंबट झालं."

"कुठं आंबट? मी खाल्लं आत्ता."

"तुह्या जिभेले काय समजते," ती म्हणाली आणि चालू लागली. सहावे घर ओलांडले, सातवे ओलांडले. आठव्या घरातली बाई भांडे घासता घासता थांबली. आजी आमच्यासमोर येऊन उभी राहिली, आधी माझ्याकडे पाहिले.

"वही?"

"घरी आहे."

"बरं झालं." मग तिने वाटी पुढे केली आणि अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असे विचारले, "काय वो सूनबाई, विरजण आहे का तुह्या घरी?"

माझ्या तक्त्यात विरजणापुढे दोनच उत्तरे होती, दिले आणि नाकारले. या घराकडून कोणी काही मागेल, असा रकाना मी आखलेलाच नव्हता. महिनाभर मी फक्त वस्ती यांना काय देते ते मोजत होते.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. चुलीकडे वळल्या आणि दारातच थांबल्या. आणि मला एकदम उमगले की त्यांच्याकडे विरजण नव्हते. कोणी दिले नव्हते, म्हणून दही लागले नव्हते. दसऱ्यापासून त्या घरात दूधही आलेले नव्हते. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी दारात येऊन काही मागत होते, मागणारी साक्षात आजी होती, आणि द्यायला चमचाभर काही नव्हते. आजीचा हात वाटीसह तसाच पुढे होता. तो परत गेला असता तर त्या ओळीत दुसरा कोणताही हात पुढे आला नसता.

पायरीवरून मुलगी म्हणाली, "विरजण नाही आहे, आजी. खाऊ आहे."

"खाऊ?"

ती आत पळाली आणि फळीवरचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर आली. आजीने वाटी कमरेशी खोचली.

"असं! मले न सांगता खाऊ करून ठेवला? हालव बरं."

मुलीने डबा हलवला. खड खड खड असा जाड, कोरडा आवाज झाला. आजीने कान पुढे नेला, कपाळाला आठ्या घातल्या आणि मागे वळून ओरडली,

"अवो पोट्ट्याहो! तिकडं काय उभ्या? मले नाही ओळखू येत! इकडं या!"

सात मुली आधी जागच्या हलल्या नाहीत. त्यांतली मोठी, चौकीदाराची मुलगी, तिने बापाकडे पाहिले. चौकीदाराने वाकडा हात मांडीवर घेतला, दुसऱ्या हाताने विडी शोधू लागला आणि विडी शोधण्यातच गुंतून राहिला. मुलगी निघाली. मागून सहाजणी.

"फुटाणे!"

"नाही."

"शेंगदाणे!"

"नाही."

"गोड का तिखट?"

"दोन्ही नाही."

"कडक का मऊ?"

"कडक. लई कडक."

"वाटाणे! खारका! खडीसाखर!"

"नाही, नाही, नाही." तिचा आवाज दर वेळी थोडा मोठा होत होता. मी तिला एवढ्या मोठ्याने बोलताना त्याआधी ऐकले नव्हते.

"दगड असतील," आजी म्हणाली. मुली हसल्या. ही पण हसली आणि म्हणाली, "दगड पण नाही."

मी लसूण खाली ठेवला आणि पाठीमागे बोटे मोजू लागले. सवय. बाकीच्या घरी मी पाहिले होते, तीन-चार नावांत डबा उघडत असे. कधी पाच. इथे दहा झाली, बारा झाली. सुपारी, हरभरे, बत्तासे, बोरांच्या आठोळ्या. मुली तिच्याभोवती दाटून बसल्या होत्या आणि डबा हातोहात फिरत होता. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. आठव्या घरातली बाई हातातल्या राखेसकट येऊन उभी होती. "अरी, खोल दे न," ती हिंदीत म्हणाली, आणि सगळ्या मुली तिच्यावर ओरडल्या.

शेवटी चौकीदाराच्या मुलीने डब्याच्या झाकणाला नाक लावले, डोळे मिटले आणि विचारले,

"चिंचोके?"

डबा उघडला. भाजलेले, काळेभोर चिंचोके. नळापलीकडच्या चिंचेखालून रोज वेचून तिने ते आईच्या चुलीत भाजले होते. भुलाबाईला चिंचोके कोणी देत नाही, म्हणून ते कोणाला सुचले नव्हते. वहिनींनी पदर तोंडाला लावला. "काही नव्हतं घरात, म्हणून पोरीनं..." पण ऐकायला कोणी नव्हते. आठ मुलींच्या गालांत आठ चिंचोके गेले होते. भाजलेला चिंचोका चटकन संपत नाही. चघळावा लागतो, दाढेखाली धरावा लागतो, फुटला की चावत बसावे लागते. त्या उठल्याच नाहीत.

"माह्या तोंडात एक दात नाही," आजी डब्यात पाहत म्हणाली, "अन् खाऊ पाय कसा शोधून काढला! बापावर गेली." तरी तिने एक उचलून तोंडात टाकला आणि हिरड्यांत घोळवत ओट्यावर माझ्या शेजारी टेकली. टिपऱ्या सुरू झाल्या. आठ जोड्या.

तेव्हा मला मुलीचा बाप दिसला. कामावरून परत आलेला, अंगणाच्या बाहेर, नळाच्या खांबाआड उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे. आत आलो तर मुली उठून जातील, या भीतीने त्याने पाऊल टाकले नव्हते. आजीनेही पाहिले.

"काय रे," ती गालातला चिंचोका एका बाजूला सारत म्हणाली, "आपल्याच घरी पाहुण्यासारखा उभा? का तुलेही हातात वाटी देऊ?"

तो आला. मुली उठल्या नाहीत. तो आजीच्या पायांपाशी वाकायला लागला तसे तिने पाय मागे घेतले.

"ते राहू दे. ते मी अजून इसरली नाही. जा, हातपाय धू."

तिकडून चौकीदाराने आपल्या मुलीला हाक मारली, "चाल वो, जेवाले."

"येते न बाबा, चिंचोका संपला की."

त्याने दुसऱ्यांदा हाक मारली नाही.

मी निघाले तेव्हा तो सायकलपर्यंत सोडायला आला. टोपी त्याने या वेळी डोक्यावरच ठेवली होती.

"बाई, ते गाडीचं राहू द्या."

"बरं."

"अन् उद्या दूध आणून ठेवतो. बुढी सोडणार नाही, पुन्हा येईल ते वाटी घेऊन."

तो निबंध मी लिहिला नाही. पुढे शिकायला गेले ती धातूंच्या विश्लेषणावर, आणि तिथे चमचा धुण्याच्या बाबतीत माझी ख्याती होती. समितीत आणखी चार वर्षे काम केले, अकरा घरी जाऊन बसले, आणि कोणत्याही घरी वही नेली नाही. ती एकच वही राहिली आहे. तिच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर गाडीची वेळ आहे, ६.२५, आणि तिच्यावर एक आडवी रेघ. त्या संध्याकाळी घरी आल्यावर ट्रंक उघडून ती रेघ मी मारली आणि खाली एक नवा रकाना आखला. डबा उघडण्याआधी मुलींनी किती नावे घेतली, म्हणजे किती वेळ त्या नवव्या घराच्या दारात बसून राहिल्या, एवढेच त्यात लिहायचे होते. आजीचा दगडही मी धरला. १९.